पन्नास दिवसांचं कुलूप

आमच्या डाळिंबाच्या बागेवर लोक येतात. कुणी मोडनिंबाहून जीप करून येतं, कुणी मंगळवेढ्याहून. बायकांचे बचत गट येतात, कृषी खात्याचे साहेब येतात आणि झाडाला हात लावून फोटो काढून घेतात. सगळे विचारतात ते ठिबकचं. नळ्या कुठल्या, फिल्टर कसा धुता, एका झाडाला दिवसाला किती लिटर. मी सांगते. माझं तोंड चालतं, याबद्दल आमच्या गावात दोन मतं नाहीत. पण ही बाग ज्या माणसानं तान्ह्या पोरासारखी वाढवली त्याचं नावसुद्धा आजवर कुणी विचारलेलं नाही. तेव्हा न विचारता सांगते.

त्यांचं नाव रुद्रप्पा. माझे थोरले दीर. गाव त्यांना अण्णा म्हणायचं, मीही मनात अण्णाच म्हणायचे. मनात म्हणायचे असं लिहिलं, कारण तोंडानं म्हणायची सोय नव्हती.

मी सोलापुरातल्या शुक्रवार पेठेतली, किराणा दुकानदाराची लेक, बारावी पास. लग्न होऊन ह्या गावात आले, अक्कलकोटच्या अलीकडं, डांबरी रस्ता सोडून चार किलोमीटर आत. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. पहिल्याच दिवशी सासूनं, म्हणजे अव्वानं, मला चुलीपाशी बसवून सांगितलं, "दानेश्वरी, थोरल्या दिरासमोर पदर घ्याचा आन् त्यांच्याशी बोलायचं न्हाय. त्येबी बोलणार न्हाईत." मला हसूच आलं. म्हटलं, असल्या रीती आठ-पंधरा दिवसांच्या असतात. एकवीस वर्षं झाली तरी ती रीत हलली नाही. शेजारच्या घरांतून ती कधीच गेली होती. तिथल्या सुना दिरांच्या मोटरसायकलवर बसून अक्कलकोटला जायच्या. आमच्याकडं ती राहिली, कारण अण्णा लाजाळू होते आणि मी हट्टी. त्यांनी आधी बोलावं असं मला वाटायचं. त्यांना काय वाटायचं ते कळायला मार्ग नव्हता.

बोलणं अडायचं मात्र नाही. माझा नवरा श्रीशैल मध्ये बसून टपाल वाटायचा. "अण्णांना सांगा, ज्वारी निवडून ठेवलीय." अण्णा तीन हातांवर जेवत असायचे, त्यांना ऐकू गेलेलंच असायचं, तरी श्रीशैल मान वळवून सांगायचा, "अण्णा, ज्वारी निवडून ठेवलीय." मग अण्णा त्याला म्हणायचे, "तिला म्हणावं, बरं झालं." आणि श्रीशैल मला सांगायचा, "बरं झालं म्हणतोय." बाहेरचा कुणी बघत असता तर त्याला वाटलं असतं, हे घर बहिऱ्यांचं आहे. पुढं श्रीशैल गेला. भर दुपारी छातीत कळ आली आणि सोलापूर गाठायच्या आधीच संपला. तेव्हापासून टपाल अव्वाकडं आलं. ती आपल्या पदरचं तिखटमीठ घालायची, पण निरोप पोचायचा. पोरबाळ आम्हाला झालं नाही. अव्वा दमली की गोठ्यातली चंद्री होती. चंद्री म्हणजे आमची गाय. मी तिला वैरण टाकता टाकता म्हणायचे, "चंद्रे, उद्या गावात नळाला पाणी येणार हाय बरं का." सोप्यात बसलेले अण्णा खाकरायचे. खाकरले म्हणजे समजलं.

अण्णांना एकच विद्या येत होती, ती म्हणजे पाणी धरायची. पाणी धरायचं म्हणजे काय, हे आता सांगावं लागतं. विहिरीचं पाणी पाटानं येतं, माणूस खोरं घेऊन सरीच्या तोंडाशी उभा असतो, मातीचं दार मोडून पाणी आत घेतो, सरी भरली की तेच दार बांधून पुढचं मोडतो. दिसायला सोपं. नवख्यानं धरलं तर निम्मं पाणी बांधाबाहेर आणि कांद्याचं रोप ओढ्यात. अण्णांच्या हातून ओंजळभर पाणी वाया जायचं नाही. गावातले मोठे बागाईतदार नव्या लावणीला त्यांना मुद्दाम बोलवायचे. अण्णा नुसत्या चहावर जायचे आणि गुडघाभर चिखलात दिवस काढून यायचे. त्यांनी लग्न का केलं नाही हे मी कधी विचारू शकले नाही, पण त्यांच्याकडं बघून वाटायचं, ह्या माणसाचं सगळं पाण्यातच भागत असावं.

मग पाणीच गेलं. सलग तीन वर्षं पावसानं पाठ फिरवली, विहीर तळाला गेली. बोअर मारला, त्याला बोटाएवढी धार लागली. पाटानं सोडलं तर ती धार पहिल्या सरीतच जिरायची. अण्णा खोरं घेऊन उभे राहायचे आणि पाणी त्यांच्यापर्यंत यायचंच नाही. मला ते बघवायचं नाही. श्रीशैल जाऊन वर्ष झालं होतं, मी अंगणवाडीत सेविका म्हणून लागले होते. तिथल्याच एका बैठकीत कळलं की सोलापुरात सात रस्त्याजवळ ठिबकचं शिबिर आहे. पाच दिवस रोज एसटीनं गेले. ऐंशी पुरुष आणि दोन बायका. एकानं विचारलं, "ताई, मालक न्हाई आले का?" मी म्हटलं, "मालक वर गेल्यात. तुमी बोलवून आणता का?" पुढचे चार दिवस मला कुणी काही विचारलं नाही.

सव्वा एकरात तीनशे चाळीस डाळिंबं लावली, ठिबक अंथरलं. काळ्या नळ्या रानात पडल्या तेव्हा अण्णा बांधावर बसून बघत होते. संध्याकाळी गोठ्यातून त्यांचा आवाज आला. चंद्रीला सांगत होते, "चंद्रे, झाडाला पाणी पाजायचं का नुसता थेंब दावायचा गं? तुलाबी उद्यापासनं चमच्यानं पाजू का?" मी आतून अव्वाला म्हटलं, "अव्वा, सांगा त्यांना, बादलीनं पाजायचं तर आधी बादलीभर पाणी लागतंय." अव्वानं निरोप दिला नाही. गरजच नव्हती.

वर्षभरात अण्णा पालटले. रोज सकाळी बागेत जाऊन मोटार चालू करायचे आणि मग एकेक ओळ धरून निघायचे. प्रत्येक झाडाशी वाकायचे, नळीतून थेंब सोडणाऱ्या ड्रीपरखाली तळहात धरायचे, थेंब पडेपर्यंत थांबायचे. आमचं पाणी क्षाराचं, ड्रीपर तुंबतात. सुरुवातीला बाभळीच्या काट्यानं टोकरायचे. मी अव्वाकरवी भांडले, काट्यानं भोक मोठं होतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून काटा बंद. ड्रीपर काढायचे, आम्लाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, धुऊन परत बसवायचे. कुठलं झाड कुठल्या बाजूला मलूल आहे हे त्यांना तोंडपाठ असायचं. लोक म्हणतात म्हातारी माणसं नवं शिकत नाहीत. आमचे अण्णा साठी उलटल्यावर शिकले, तेही न बोलणाऱ्या भावजयीकडून. मला त्यांचा अभिमान वाटायचा. तो कुणाच्या हाती पाठवावा हे कळायचं नाही, म्हणून मनातच ठेवायचे.

गेल्याच्या गेल्या कार्तिकात अव्वा गेली. घरात आम्ही दोघं आणि चंद्री. अण्णा पुढं सोप्यात, मी आत. गावानं जरा कुजबुज करून बघितली, पण जी दोघं एकमेकांशी बोलतच नाहीत त्यांच्याबद्दल बोलणार काय? कुजबुज आपोआप थांबली. मीच ती रीत तेव्हा मोडायला हवी होती. सांगणारी सासू राहिली नव्हती, बघणारं कुणी नव्हतं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

चैत्रात बागेचा पहिला बहार धरायचा होता. डाळिंबाचा बहार हवा तेव्हा हवा तसा येत नाही, तो धरावा लागतो. त्यासाठी झाडाला आधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी पूर्ण बंद करायचं. पानं पिवळी पडून गळतात, नुसत्या काटक्या उभ्या राहतात. शेवटी छाटणी करून, खत घालून पाणी सोडलं की सगळ्या बागेला एकदम फूल लागतं. आमच्या रानाला पन्नास दिवस लागतील, मृगाच्या तोंडावर पाणी सोडा, असं शिबिरातल्या साहेबांनी मला कागदावर लिहून दिलं होतं. झाडं मरत नाहीत, हे मला माहीत होतं. अण्णांना नव्हतं. ज्या माणसानं जन्मात एक रोप तहानलेलं ठेवलं नाही त्याला हे समोर बसवून समजावून सांगायला हवं होतं.

मी चंद्रीला सांगितलं. "चंद्रे, उद्यापासनं पन्नास दिवस बागेचं पाणी बंद बरं का." अण्णा खाकरले. जरा उशिरानं खाकरले, हे आता आठवतं. का बंद, कशासाठी बंद, हे मी बोलले नाही. गाईपुढं कुणी एवढं पुराण लावतं का? वर सवयीनं सकाळी जाऊन त्यांनी मोटार चालू केली तर ताण मोडेल, म्हणून स्टार्टरच्या पेटीला मी कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. सांगायच्या जागी मी कुलूप लावलं. माझा गुन्हा कुठला असं कुणी विचारलं तर तो हा.

त्याच महिन्यात शेजारच्या महेश्वरचा बोअर आटला. आजूबाजूचे चार-पाच बोअर त्या उन्हाळ्यात गेले. ऊन असं की अंगणवाडीतली पोरं खिचडी खाता खाता पेंगायची. मी साडेनऊला जायचे ती दोनला परतायचे. अण्णा घरीच दिसायचे, सोप्यात भिंतीला टेकून. दिवसेंदिवस काळवंडत चाललेले, ओठ फुटलेले, ताटात अर्धी भाकरी तशीच. मी चंद्रीला म्हणायचे, "उन्हातान्हाचं हिंडू नका म्हणावं." अण्णा खाकरायचे. मला वाटायचं, समजलं.

तिसाव्या दिवशी मी बाग बघायला गेले. सगळी झाडं पानं टाकून उभी होती, मनासारखा ताण बसला होता. फक्त रस्त्याकडच्या पहिल्या दोन ओळी हिरव्यागार. छप्पन्न झाडं जणू दुसऱ्याच कुणाच्या शेतातली. नळी गळते म्हणावं तर बोअरच बंद. बुडाशी हात लावला, माती ओली. मग माझ्या डोक्यात नाही नाही ते आलं. कुणीतरी मुद्दाम करतंय, बाईमाणसाची बाग बघवत नाही कुणाला तरी. तीन दिवस दात-ओठ खात काढले आणि चौथ्या दिवशी अंगणवाडी मदतनिसावर सोडून बाराला निघाले ती थेट बागेत.

अण्णा होते. सायकलच्या दोन्ही बाजूंना दोन कॅन बांधलेले, हातात तांब्या. एकेका झाडाशी बसायचे, तांब्याभर पाणी हळूहळू ओतायचे, मुळाशी हात फिरवायचे, गुडघ्यावर हात देऊन उठायचे. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाय नीट पडत नव्हते.

उचलली जीभ लावली टाळ्याला. पदर डोक्यावरून कधी पडला तेही कळलं नाही. मी ओरडले, "काय मांडलंय हे? कुणी सांगितलं तुमाला पाणी घालायला? वाटोळं केलंत माझ्या बागेचं!"

एकवीस वर्षांत मी त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. माझी बाग म्हटलं मी.

रस्त्यावरून महेश्वर चालला होता, तो जागच्या जागी थांबला. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. रीतीप्रमाणं तोंड फिरवलं, तांब्यात राहिलेलं पाणी सांडू नये म्हणून परत कॅनमध्ये ओतलं, सायकल धरली आणि गेले. त्यानंतर त्यांनी बागेत पाऊल टाकलं नाही.

मला घरी पोचायच्या आतच लाज वाटायला लागली होती. दोन ओळींचा ताण मोडला तर काय होतं? त्या दोन ओळींना फुलं कमी येतात, एवढंच. बाकी दोनशे चौऱ्याऐंशी झाडं जागेवर होती. त्यासाठी मी बापाच्या वयाच्या माणसाला भर रस्त्यावर तोडून बोलले. पण पहिलं वाक्य जसं तोंडातून आपसूक निघालं तसं दुसरं निघेना. दोनदा भाकरी वाढताना ओठांवर आलं आणि गिळलं. गोठ्यात जाऊन चंद्रीला सगळं सांगायला घेतलं, ताण म्हणजे काय, पाणी का तोडायचं. माझा आवाज ऐकला की अण्णा उठून देवळाकडं निघून जायचे. आठ दिवस असेच गेले. माणूस रोज समोर दिसतोय म्हणजे वेळ आहे, असं मी समजत होते.

एक्केचाळिसाव्या दिवशी सकाळी ते सोप्यात पडलेले दिसले. ओकारी झाली होती, पाय सुजले होते. महेश्वरनं जीप काढली. सोलापूरच्या वाटेवर मी मागं अण्णांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. एकवीस वर्षं ज्यांच्या सावलीला पाय लागू दिला नाही त्यांचं डोकं. महेश्वर पुढून म्हणाला, "वैनी, एक सांगू का? अण्णा म्हैनाभर हातपंपावरनं पाणी न्हेत हुते. तीन-तीन खेपा, रोज. नळाला यायचं त्येबी आपल्या वाटणीचं बागंतच न्यायचे. मी म्हटलं, अण्णा, प्यायला तरी ठिवा की. तर म्हणले, मला कितीसं लागतंय."

"आन् मला का सांगितलं न्हाईस?"

"शपथ घातली हुती त्यांनी. म्हणले, आमचाबी बोअर आटलाय. पोरीनं पेटीला कुलूप लावून झाकून ठिवलंय, गाव हसंल म्हणून. पन्नास दिवस, म्हंजी मृगाच्या पावसापातूर बाग जगवायची हाय. समदी न्हाय व्हायची माज्याच्यानं, दोन वळी तर जगतील. तू कुणाला बोलू नगंस, तिची अब्रू जाईल."

जीपच्या खिडकीतून वाळलेली रानं मागं जात होती. दुपारी बाराचं ऊन त्यांनी का निवडलं हेही कळलं. मी घरी नसायचे म्हणून. मी बघितलं तर मला लाज वाटेल म्हणून.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तपासलं, रक्त घेतलं, मग मला बाजूला बोलावलं. "आजोबांची दोन्ही मूत्रपिंडं थकलीत. बरेच दिवस उन्हात राबलेत आणि पाणी फार कमी प्यायलेत. घरात तुम्हीच असता ना? तुमच्या लक्षात नाही आलं?" तिनं साधाच प्रश्न विचारला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा चांगले शुद्धीवर होते. मी स्टूल ओढून बसले आणि म्हटलं, "अण्णा." त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. मी उठले, पलंगाच्या पलीकडं जाऊन भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आता बघायला दुसरी जागाच नव्हती.

"अण्णा, बोअर आटला न्हाय. पाणी मीच बंद केलंय. बहारासाठी." आणि मग जे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं. ताण कसा देतात, पानं का गळतात, फूल कसं लागतं. पाच मिनिटं लागली असतील. फक्त पाच मिनिटं.

अण्णा माझ्याकडं बघत होते. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा दिसलं.

"मरत न्हाईत झाडं?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मरत."

"बोअरला पाणी हाय?"

"हाय की. धार हाय तशी हाय."

त्यांनी नजर छताकडं नेली. मग म्हणाले, "म्हंजी मी उगंच पळत हुतो." त्यात राग नव्हता. लहान पोरानं आपली चूक कबूल करावी तसं म्हणाले. मला ते सहन झालं नाही. मी तिथंच खाली बसले आणि रडले. म्हटलं, माझं चुकलं, बागेत तसं बोलायला नको होतं, बाग तुमची आहे. अण्णांनी पलंगावरून हात खाली सोडला, पण माझ्या डोक्याला लावायला त्यांना धीर झाला नाही. हात तसाच लोंबत राहिला. "रडू नगं," म्हणाले. "मीबी इचारायला पायजे हुतं. आपुन दोघंबी येडीच."

थोड्या वेळानं त्यांनी परत तोंड उघडलं. "एक मला पटलं न्हाय. उपाशी ठिवून फुलं घ्याची. आता पाणी सोड."

"आठच दिवस ऱ्हायल्यात अण्णा."

"आठ दिवस मी न्हाय," ते म्हणाले. "मी हाय तवर सोड."

मी फोन घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. महेश्वरला एक फोन, त्यानं दगडानं कुलूप फोडलं असतं, मोटार चालू केली असती. पाच मिनिटांचं हेही काम. बहार गेला असता तरी आम्ही उपाशी मरणार नव्हतो, अंगणवाडी होती. हे सगळं मला तिथं उभं असताना कळत होतं. आणि तरी मला तो बहार हवा होता. सात रस्त्यावरच्या त्या ऐंशी पुरुषांना, गावाला, मेलेल्या नवऱ्याला, कुणाकुणाला दाखवायचा होता. मी फोन लावला नाही. खांबाला टेकून उभी राहिले, फोन लावायला लागेल तेवढा वेळ जाऊ दिला आणि आत गेले.

"सोडलं," मी म्हटलं.

"शेवटच्या झाडापातूर गेलं?"

"गेलं."

"बेस झालं," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटले. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातून दोन चमचे पेज घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गेले.

आमच्या लिंगायतांत जाळत नाहीत, माती देतात, आणि ज्याचं रान आहे त्याला त्याच्याच रानात. महेश्वरनं आणि चौघांनी बागेच्या टोकाला, शेवटच्या ओळीच्या पलीकडं खड्डा घेतला. स्वामी आले, विभूती लावली, बेल वाहिला, अण्णांना बसवून माती दिली. सगळी बाग वाळक्या काटक्यांची. माती द्यायला आलेली माणसं तिच्यातून चालत गेली. मला त्यांच्याकडं बघवेना. अण्णांना शेवटचं न्यायलासुद्धा मी त्या झाडांवर पान ठेवलं नव्हतं.

तेव्हाच कुलूप काढता आलं असतं. मी काढलं नाही. सुतकात घरात बसून दिवस मोजले. मधल्या दिवसांत गडी लावून छाटणी केली, खत घातलं, सगळं कागदावर लिहून दिलं होतं तसं. त्या वर्षीचा बहार कसा आला ते बागेवर येणाऱ्या कुणालाही विचारा. लालभडक फुलं, झाडाझाडाला टेकू द्यावे लागले एवढी फळं. मोहोळपासूनची माणसं बघायला आली. रस्त्याकडच्या दोन ओळींवर मात्र फूल विरळच होतं. येणारे विचारतात, ह्या ओळींना काय झालं. मी सांगते, ताण नीट बसला नाही. पुढं कुणी विचारत नाही.

पन्नासाव्या दिवशी सकाळी मी एकटीच बागेत गेले. कुलूप काढून मोटार चालू केली. पन्नास दिवस कोरड्या पडलेल्या नळ्या फुगायला वेळ लागला. मी शेवटच्या ओळीला चालत गेले आणि शेवटच्या झाडाशी, अण्णांच्या मातीजवळ, उकिडवी बसले. ड्रीपरखाली हात धरला. बराच वेळ काही नाही. मग एक थेंब पडला, थांबला, दुसरा पडला. हात तसाच ठेवून मी त्यांच्याकडं तोंड केलं.

"अण्णा, पाणी आत्ता सोडलंय," मी म्हटलं. "त्या दिवशी मी तुमाला खोटं सांगितलं."